पात्राचा सातबारा

वाद दोराचा होता. दिवाळीच्या सुटीत पहूर पेठेतल्या आमच्या घराच्या धाब्यावर पाच जण खेळत बसलो होतो. खेळात वाटाड्या झालेला भाचा म्हणाला, "दोर आहे ना मामा माह्याकडे. पन्नास हात." खेळात व्यापारी झालेला त्याचा मावसभाऊ उसळला, "मागच्या खेपेला नदीत सोडून दिला ना तू तो!" वाटाड्याचा कागद काढला. कागदावर 'दोर' हा शब्द होता, शब्दावर रेघ होती, रेघेवर खोडरबर फिरल्यासारखं दिसत होतं आणि त्या सगळ्यावर शेवेच्या तेलाचा डाग पडला होता. दोर आहे की नाही यावर अर्धा तास गेला. घाटात दबा धरून बसलेला बिबट्या तोवर तसाच बसून राहिला.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. "समोर नदी आहे, पाणी चढतंय, काय करता?" असं सूत्रधार विचारतो. "पोहून जातो," असं कोणी म्हटलं आणि ते जमेल की नाही याची शंका असली, की फासा टाकायचा. फाशाने कौल दिला की गोष्ट पुढे सरकते. यात कोणी जिंकत नाही आणि डाव एका बैठकीत संपत नाही, महिनोन्‌महिने चालतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. तीन छोट्या पुस्तिका, एक खोका, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. तिथून हा प्रकार जगभर गेला. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून खुल्या परवान्यावर मोकळे आहेत, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानातून राजरोस छापून घेता येतात. इंग्रजीत आहेत, पण खेळायला लागतं त्याच्या कितीतरी पट तिथे लिहिलेलं आहे. पंधरा-वीस पानांत भागतं.

लुडोचा डाव अर्धवट सोडून जेवायला उठलात तरी कोण कुठे होतं ते पटावरच्या सोंगट्या सांगतात. या खेळात पटच नाही. कोणाकडे काय आहे, कोण किती जखमी आहे, कोणी कोणाला काय शब्द दिला, हे सगळं फक्त कागदावर असतं. कागद गेला की डाव गेला. खेळाच्या पुस्तकांत नियमांना शेकडो पानं दिलेली असतात, कागद कसा ठेवायचा याला जेमतेम पान. मला ते उलट वाटतं.

त्या वादानंतर मी शोधत बसलो आणि दोन उत्तरं गावातच सापडली. एक तलाठ्याच्या दप्तरात, दुसरं वडिलांच्या दुकानातल्या चोपडीत.

आधी पात्राचा कागद. प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात. आमच्याकडे त्यांची नावं ताकद, चपळाई, कणखरपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप अशी आहेत. प्रत्येक गुणाला साधारण तीन ते अठरापर्यंतचा आकडा मिळतो. त्या आकड्यातून दहा वजा करून निम्मे करायचे आणि अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक धरायचा. चपळाई सोळा असेल तर अधिक तीन, दहा किंवा अकरा असेल तर शून्य, आठ असेल तर उणे एक. हे अधिक-उणे फाशाच्या आकड्यात मिळवायचं असतं. याशिवाय पात्राचं नाव, गाव, धंदा, कोणती हत्यारं येतात, काय येत नाही. हे सगळं महिनोन्‌महिने बदलत नाही.

त्याच कागदावर आणखी एक जमात असते: उरलेले प्राण, उरलेले बाण, कनवटीचे पैसे, पाण्याची पखाल, दोर. हे दर दहा मिनिटांनी बदलतं. छापील कागदांवर या दोन्ही जमाती शेजारी-शेजारी बसवलेल्या असतात, आणि घोटाळा तिथेच होतो. प्राणांची चौकट चार बैठकांत खोडून खोडून फाटते आणि तिच्यासोबत शेजारची ताकदही जाते.

आता सातबारा आठवा. नावातच दोन नमुने आहेत. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक. जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा कशाचा, हे त्यात असतं. नमुना बारा ही पिकांची नोंदवही. यंदा कापूस की मका, पाणी विहिरीचं की पाटाचं, हे हंगामागणिक बदलणारं तिथे. एकाच पानावर वर-खाली छापलेले, पण दोन वेगळे कप्पे. ज्याने कोणी हे पहिल्यांदा ठरवलं त्याला बदलणारं आणि न बदलणारं एका चौकटीत ठेवू नये हे कळत होतं.

म्हणून आमच्या प्रत्येक पात्राचे आता दोन कागद आहेत. नमुना सात जाड कार्डशीटवर, शाईने. त्यावर सहा गुण, अधिक-उणे, नाव-गाव, कौशल्यं. नमुना बारा अर्ध्या फुलस्केपवर, शिसपेन्सिलीने. त्यावर वरती तारीख आणि खाली प्राण, पैसा, सामान. बैठक संपली की नमुना बारा तसाच फाइलीला लागतो आणि पुढच्या बैठकीला त्यावरून नवा उतरवायचा. जुना फेकायचा नाही. मागच्या तीन खेपांचे बारा शेजारी ठेवले तर बाण कधी संपले ते आपोआप दिसतं.

राहिला फेरफार. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याच्या काळात जमीन विकली गेली तर तलाठी जुनं नाव खोडत नसे. नावाला कंस करायचा, फेरफार नंबर टाकायचा, आणि तो बदल का झाला हे नमुना सहाच्या नोंदवहीत सापडायचं. पात्राची पायरी चढली, ताकद तेराची चौदा झाली, शापाने छाप दोनने उतरली, की आम्हीही तसंच करतो. जुन्या आकड्याला कंस, शेजारी नवा आकडा, त्यावर बारीक अक्षरात फेरफार नंबर. फाइलीच्या शेवटच्या पानावर त्या नंबरासमोर एक ओळ: 'फे. ४. घाटातल्या वैद्याचा काढा, कणखरपणा अधिक एक.' खोडरबर नमुना सातजवळ आणायचंच नाही. भाच्याच्या दोराला कंस असता तर बिबट्याला अर्धा तास थांबावं लागलं नसतं.

प्राणांचं काय? ते एका झुंजीत सहा वेळा बदलतात. तेवढ्या वेळा पेन्सिल चालवण्यात अर्थ नाही. आम्ही चिंचोके ठेवतो. बारा प्राण असले तर समोर बारा चिंचोके. वार बसला की तेवढे सरकवायचे आणि बैठक संपल्यावर मोजून नमुना बारावर लिहायचे. आधी शेंगदाणे ठेवून पाहिले होते. पात्रं खेळाडूंनीच खाल्ली.

कागदांचे शत्रू प्रत्येक गावात वेगळे असतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पंखा पाचवर आणि खिडकीत कूलर. पंख्याने कागद उडतो, कूलरने सादळतो. प्रत्येकाला परीक्षेचं पॅड द्या, वरच्या चिमट्यात सात आणि बारा दोन्ही बसतात. प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरवर मार्करने लिहून पुसायची युक्तीही करून पाहिली, पण मे महिन्यातल्या घामेजल्या मनगटाने दोन पात्रांचा सगळा पैसा पुसला. हिवाळ्यात भरीत पार्टीच्या वेळी शेतात खेळायला बसलात तर आधी जेवून, हात धुऊन बसा. भरिताच्या तेलाला कोणतंही फोल्डर पुरत नाही.

आता फासे. संचात सात असतात: चार, सहा, आठ, बारा आणि वीस तोंडांचा एकेक, आणि दहा तोंडांचे दोन, त्यातल्या एकावर दशक छापलेले. दहाचा सोडला तर बाकीचे पाच हे भूमितीतले पाच सुसम घन आहेत. दहाचा त्या कुळातला नाही, पण दोन मिळून शंभरपर्यंतचा आकडा देतात म्हणून त्याला पंगतीत घेतलंय. सहाच्या फाशावर समोरासमोरच्या तोंडांची बेरीज सात येते, विसाच्या फाशावर सहसा एकवीस. चाराचा फासा पडल्यावर वर तोंड नसतं, टोक असतं. टोकाशी सरळ उभा दिसणारा आकडा वाचायचा. काहींवर तो खालच्या कडेला छापलेला असतो. अंधारात पायाखाली येतो तो हाच, त्यामुळे त्याचा हिशेब सर्वांत आधी लावा.

कोणता फासा कशासाठी, हे समजलं की ते कसे ठेवायचे तेही कळतं. विसाच्या फाशावर एकापासून विसापर्यंत प्रत्येक आकड्याला विसात एक अशी सारखीच संधी असते. म्हणून जमेल की नाही याचा कौल त्याच्याकडे. सहाचे तीन एकत्र टाकले की गंमत बदलते. २१६ प्रकारांनी ते पडू शकतात. त्यातल्या २७ प्रकारांत बेरीज दहा येते, आणखी २७ प्रकारांत अकरा, पण अठरा येण्याचा प्रकार एकच. माणसं बहुतेक मधली असतात, अचाट एखादाच, म्हणून गुण ठरवायला तीन सहाचे. विसाचा फासा प्रत्येकाच्या हाताशी लागतो, सहाचे तीन फक्त पात्र घडवताना. तेव्हा विसाचा प्रत्येकाला एकेक, बाकीचे समाईक.

आमच्या लोकांना फाशांचं अप्रूप नाही. सारीपाटाचे लांबुडके फासे आणि उताण्या पडलेल्या मोजायच्या कवड्या घरोघरी होत्या. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तातले अक्ष म्हणजे बेहड्याची फळं, आणि बेहडा आपल्या सातपुड्यात अजून उभा आहे. पण वीस तोंडांचा फासा पहूरच्या बाजारात मिळत नाही. तो ऑनलाइन मागवावा लागतो, आणि येईपर्यंत डाव थांबवायचं काही कारण नाही. पत्त्यांच्या जोडातून एक लाल आणि एक काळा रंग घ्या, एक्क्यापासून दश्शीपर्यंत. हे झाले वीस पत्ते. लाल पान म्हणजे एक ते दहा, काळं म्हणजे अकरा ते वीस. दर वेळी पिसायचं, एक ओढायचं आणि परत मिसळायचं. हाउजीच्या संचातल्या एक ते वीस सोंगट्या पिशवीत घातल्या तरी चालतं. फक्त काढलेली सोंगटी परत पिशवीत गेलीच पाहिजे, नाहीतर एकदा वीस येऊन गेला की पुन्हा येणारच नाही. बाराचा फासा हवा तर लुडोचा फासा आणि एक नाणं: छापा पडला तर आकड्यात सहा मिळवा. चाराचा हवा तर लुडोचाच, पाच-सहा आले की पुन्हा टाका. आठाचा हवा तर हाच चाराचा आणि नाणं, छाप्याला चार मिळवा. पहिला महिना आम्ही असेच खेळलो आणि कोणाचं काही अडलं नाही.

फासे ठेवायला आईची चंची वापरतो. पान, सुपारी, कात, चुना असे कप्पे केलेली कापडी चंची उलगडली की एकेका कप्प्यात एकेका जातीचे फासे बसतात. बांधली की खिशात. डबीत घातलेले फासे खडखडतात आणि हवा तो शोधायला सगळे ओतावे लागतात. चंचीत रिकामा कप्पा लगेच दिसतो, म्हणजे काय हरवलं तेही कळतं. टाकायला परात, तिच्यात जुन्या गोधडीचा तुकडा. त्याशिवाय खालच्या मजल्यावर झोपलेली माणसं वर येतात. परातीबाहेर गेलेला फासा बाद, पुन्हा टाका. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, कारण बाहेर गेलेला फासा नेमका विसावर पडतो.

स्वस्त फाशांचे आकडे काही महिन्यांत फिके पडतात. याला जुनाच इलाज आहे. सुरुवातीच्या काळातले फासे न रंगवलेलेच यायचे आणि सोबत मेणाचा खडू मिळायचा. आकड्याच्या खाचेत खडू घासायचा, वरचा फडक्याने पुसायचा. लहान पोरांच्या खडूने आजही ते होतं. फासा खोटा आहे का हे पाहायला मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून बघतात, सारखं एकच तोंड वर येत असेल तर तो जड-हलका आहे. घरच्या खेळाला एवढी झडती नको. भाचे नशिबावर चिडले की फासा बदलून द्यावा, त्यांचं समाधान होतं.

खरी कसोटी नोंदींची. सूत्रधाराने काय लिहायचं आणि कुठे?

आमचा डाव भडोचहून पैठणला निघालेल्या तांड्याचा आहे. काळ इसवी सनाचं पहिलं शतक. 'पेरिप्लस' या त्या काळच्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं म्हटलंय. म्हणून आमच्याकडे वीस दिवस आहेत, आणि आज कितवा दिवस हे विसरून चालत नाही. वाट अजिंठ्याच्या घाटाखालून नेली, कारण ती मुलांना माहीत आहे. लेणी असलेल्या दरीतून निघालेली वाघूर आमच्या गावावरून जाते आणि संभाजीनगरचा रस्ता आमच्या चौकातून.

सुरुवातीला मी एकाच वहीत सगळं लिहायचो. बाराव्या दिवशी तांड्याला एक भिक्खू भेटला. सगळे म्हणाले की हा आधी भेटलाय आणि आपण त्याला काहीतरी कबूल केलंय. काय? चाळीस पानं उलटली, सापडलं नाही. त्या रात्री वडिलांच्या अडत दुकानाची चोपडी आठवली. दुकानात एकाच व्यवहाराची नोंद दोनदा होते. आधी रोजकीर्दीत, घडलं त्या क्रमाने. मग फुरसतीने खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. रोजकीर्दीत 'खा. पा.' म्हणजे खाते पानाचा रकाना असतो, खतावणीत 'रो. पा.' म्हणजे रोजकीर्द पानाचा. इकडून तिकडे बोटाने जाता येतं.

आता रोजकीर्द खेळ चालू असताना लिहितो. पानाच्या माथ्यावर खरी तारीख, खेळातला दिवस, ठिकाण आणि हजर कोण. खाली एका घटनेला एक ओळ, त्याहून जास्त नाही. सूत्रधार लिहीत बसला की खेळाडू मोबाइल काढतात. मिळालं ते जमा, गेलं ते नावे: 'नावे: दोर २६ हात, ओढ्यात. खा. पा. ७.' कोणाला शब्द दिला, कोणाचा राग ओढवला, ते 'येणं-देणं' म्हणून समासात. गोष्टीतली सगळी रंगत या उधारीवर चालते. फिटलेली उधारी कोणाला आठवत नाही, राहिलेली दहाव्या बैठकीला दार ठोठावते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खतावणी. एका पात्राला, एका गावाला, एका वस्तूला एकेक पान. भिक्खूचं पान उघडलं की तो कुठल्या कुठल्या दिवशी भेटला आणि त्याचं काय येणं आहे ते चार ओळींत दिसतं. याला वीस मिनिटं लागतात. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. पण तीन बैठकांची खतावणी तुंबली की ती पुन्हा कधीच होत नाही, हे कोणत्याही दुकानदाराला विचारा.

खतावणीत एक पान 'काळा'चंही आहे. एका भाचीला अजिंठ्यातलं पद्मपाणीचं चित्र पाहायचं होतं. तिला सांगावं लागलं की ते चित्र अजून चारेकशे वर्षं पुढचं आहे. त्याच काळातलं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात करवून घेतलं. आपल्या तांड्याला नववं आणि दहावं लेणं दिसेल, ती तांड्याच्या काळाआधीच खोदलेली आहेत. ती रुसली, मग म्हणाली, "मग माह्या व्यापाऱ्याला तिथे दान देऊ दे." दिलं. पान २२ वर जमा आहे.

एक तिसरी वही फक्त सूत्रधाराची. पुढे काय होणार आहे ते तिच्यात. ती या दोन्हींपासून लांब ठेवा. माझं गुपित रोजकीर्दीच्या मागच्या पानावर होतं आणि वाऱ्याने पान उलटलं. वाटेत भेटणाऱ्या माणसांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापतो, मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड. एका तुकड्यावर एक माणूस, तीन गोष्टी: नाव, त्याला काय हवंय, तो बोलतो कसा. 'घाटातला गुराखी. हरवलेली गाय. वाक्य अर्धवट सोडतो.' एवढं पुरतं. वंशावळ लिहिली तर ती वाचायला वेळ मिळत नाही.

मोबाइलवर हे सगळं ठेवायची सोय आहे, पण बॅटरी आणि रेंज दोन्ही आमच्या धाब्यावर पाहुण्यासारखी येतात. मोबाइलचा एकच उपयोग ठेवलाय: उठण्याआधी सगळ्या नमुना बाराचा फोटो.

उठण्याआधीची दहा मिनिटं खेळाचाच भाग धरा. चिंचोके मोजून प्राण लिहायचे. चंचीचा प्रत्येक कप्पा पाहायचा, परातीखाली आणि सतरंजीखालीही. कागद खेळाडूंनी घरी न्यायचे नाहीत, ते फाइलीत सूत्रधाराकडे राहतात. एक नमुना सात शर्टाच्या खिशातून धुण्यात गेला तेव्हापासून हा नियम आहे. मग रोजकीर्दीतलं आजचं पान मोठ्याने वाचायचं. हरकत असेल तर तिथेच घ्यायची. हरकत नसेल तर पानाच्या तळाला पाचही जणांनी सही करायची, पंचनाम्यावर करतात तशी. सही झाल्याशिवाय आमच्याकडे चहा येत नाही.